रिकी नेल्सन: टीव्हीच्या घरातून आलेला रॉक अँड रोल

अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ४ ऑगस्ट १९५८ रोजी ‘हॉट १००’ ही यादी सुरू केली. त्याआधी लोकप्रियता मोजायच्या निरनिराळ्या याद्या होत्या: दुकानातली विक्री वेगळी, रेडिओ निवेदक काय लावतात ते वेगळं, ज्यूकबॉक्समध्ये नाणी कुठल्या गाण्यावर पडतात ते आणखी वेगळं. नव्या यादीत सगळ्याची एकच गोळाबेरीज झाली, आणि तिच्यात पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर बसलं ते ‘पुअर लिटल फूल’. गायक रिकी नेल्सन, वय १८. त्याच वर्षी १ डिसेंबरच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही तोच होता.

नेल्सनची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: देखणा पोरगा, बापाचा टीव्ही कार्यक्रम, किंचाळणाऱ्या मुली, मग बीटल्स आले आणि खेळ खलास. यात खोटं फारसं काही नाही, पण अर्धंच आहे. त्या काळच्या बहुतेक ‘टीन आयडल’ मंडळींच्या रेकॉर्ड आज ऐकवत नाहीत. नेल्सनच्या १९५८ ते १९६१ मधल्या रेकॉर्ड ऐकवतात, आणि गिटार वाजवणारे त्या अजून घासून-घासून ऐकतात. गळा बेताचाच, पट्टी अरुंद, वरच्या सुरांत दम नाही. कान मात्र पक्का होता. आपल्यामागे कोण वाजवतंय याला जे महत्त्व त्याने दिलं, ते त्याच्या बरोबरीच्या कुठल्याच देखण्या पोराने दिलं नाही.

एरिक हिलियर्ड नेल्सन याचा जन्म ८ मे १९४० चा, न्यू जर्सीतल्या टीनेकचा. बाप ओझी नेल्सन हा तिशीच्या दशकातला नावाजलेला बँडलीडर. १९३५ मध्ये ‘अँड देन सम’ हे त्याच्या बँडचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. आई हॅरिएट हिलियर्ड त्याच बँडची गायिका. ओझीने रटगर्स विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती, आणि ही बाब पुढे फार कामाला आली, कारण घरातले सगळे करार तो स्वतः वाचायचा.

ऑक्टोबर १९४४ मध्ये ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ओझी अँड हॅरिएट’ ही रेडिओमालिका सुरू झाली. नवरा-बायको स्वतःच्याच नावाने स्वतःच्याच भूमिका करत. डेव्हिड आणि रिकी या दोन मुलांचे आवाज मात्र पाच वर्षं बालकलाकारांनी दिले. १९४९ मध्ये खरी मुलं मायक्रोफोनसमोर आली. १९५२ च्या ऑक्टोबरात मालिका एबीसी टीव्हीवर गेली आणि १९६६ पर्यंत चालली. एकूण ४३५ भाग. निर्माता, दिग्दर्शक, मुख्य लेखक, सगळं ओझीच. स्टुडिओतला घराचा सेट हॉलिवूडमधल्या त्यांच्या राहत्या घरावरून बेतलेला. बाराव्या वर्षापासून आठवड्याच्या आठवड्याला दिसणारा धाकटा पोरगा प्रेक्षकांना शेजारच्या घरातल्यासारखा तोंडपाठ झाला. फटकन बोलणारा, खट्याळ, पण बापाच्या धाकातला. एल्विसच्या नावाने ज्या आया नाक मुरडत, त्यांना याची भीती वाटायचं कारणच नव्हतं.

गाण्याकडे तो कसा वळला याचा किस्सा त्यानेच पुढे अनेकदा सांगितला. गाडीत रेडिओवर एल्विस लागला, शेजारी बसलेली मैत्रीण विरघळली, आणि हा फुशारकीने म्हणाला की मीही रेकॉर्ड काढतोय. मग काढणं भाग पडलं. खरं तर त्याचं दैवत एल्विसपेक्षा कार्ल पर्किन्स होता. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचा तो कोरडा, टणक आवाज त्याला हवा होता.

१० एप्रिल १९५७ च्या बुधवारी ‘रिकी द ड्रमर’ या भागात त्याने फॅट्स डॉमिनोचं ‘आयम वॉकिन’ गायलं. रेकॉर्ड काढली होती व्हर्व्हने, म्हणजे नॉर्मन ग्रांझच्या जाझ कंपनीने. ध्वनिमुद्रण सांभाळायला बार्नी केसेल, जाझमधला अव्वल गिटारवादक. रेकॉर्डची एक बाजू, ‘अ टीनेजर्स रोमान्स’, दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि ‘आयम वॉकिन’ चौथ्या. मात्र कान देऊन ऐकलं तर घोळ कळतो. वादक कसलेले, सूर नेमके, पण गाणं उसळत नाही. जाझच्या हातांना जी सफाई सवयीची, तीच इथे आड येते. रॉकाबिलीत, म्हणजे दक्षिणेतल्या कंट्री लोकसंगीतातून निघालेल्या रॉक अँड रोलमध्ये, ठोका थोडा उद्धट लागतो.

रॉयल्टीवरून व्हर्व्हशी वाजलं आणि ओझीने मुलाला इम्पीरियल रेकॉर्ड्सकडे नेलं. कंपनी ल्यू चड याची, आणि डॉमिनो तिचाच कलावंत. ‘बी-बॉप बेबी’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि ‘रिकी’ हा पहिला अल्बम जानेवारी १९५८ मध्ये अल्बमच्या यादीत अव्वल ठरला.

याच सुमारास इम्पीरियलच्या कचेरीत बॉब ल्यूमन नावाच्या गायकाचा बँड तालीम करत होता. रिकीने तो ऐकला आणि वादकांनाच आपल्या सेटवर बोलावून घेतलं. त्यातला एक जेम्स कर्कलंड, उभ्या बासच्या तारा लाकडावर आपटून टकटक ठोका काढणारा. दुसरा जेम्स बर्टन, लुइझियानाचा १८ वर्षांचा गिटारवादक. डेल हॉकिन्सच्या ‘सुझी क्यू’मधली गिटार त्याचीच. तो काही काळ नेल्सनांच्याच घरी राहायला होता. घरात दोघा पोरांचा दिवसभर रियाज चाले.

सुरुवातीला बर्टनला रेकॉर्डवर ठेक्याची साथ करावी लागली. मुख्य गिटार जो मॅफिस वाजवायचा. ‘स्टुड अप’ आणि ‘वेटिन इन स्कूल’ याच काळातली. १९५८ च्या ‘बिलीव्ह व्हॉट यू से’मध्ये बर्टनला सोलो मिळाला आणि गाडी रुळावर आली. हे गाणं जॉनी आणि डॉर्सी बर्नेट या मेम्फिसच्या भावांचं. ‘वेटिन इन स्कूल’ही त्यांचंच आणि पुढचं ‘इट्स लेट’ एकट्या डॉर्सीचं. म्हणजे शब्द-चाली खऱ्या रॉकाबिलीवाल्यांच्या, वादक दक्षिणेतले, आणि चेहरा हॉलिवूडच्या घरातला. ही जुळणी दुसऱ्या कुणाला जमली नाही.

बर्टनच्या सोलोत काय नवीन होतं ते जरा तपशिलात सांगायला हवं. तेव्हा गिटारच्या तारांचे तयार संच जाड मिळत आणि तिसरी तार, म्हणजे जीची, वेटोळं गुंडाळलेली असे. अशी तार बोटाने ओढून सूर वर चढवायचा म्हटलं तर अर्ध्या सुरापलीकडे ती हलत नाही. बर्टनने आपल्या १९५३ च्या फेंडर टेलिकास्टरवर वरच्या बाजूला बँजोच्या बारीक, साध्या तारा लावल्या आणि गिटारच्या नेहमीच्या तारा एकेक घर जाड बाजूला सरकवल्या: डीची तार एच्या जागी, एची तार जाड ईच्या जागी. आता पूर्ण सूर आणि त्याहूनही वर तार सहज ओढता येऊ लागली. आडव्या ठेवून वाजवायच्या पेडल स्टील गिटारमधला तो रडवेला, घसरता सूर साध्या गिटारवर उतरला तो असा. उजव्या हातात अंगठा आणि तर्जनीत चपटा पिक, मधल्या बोटावर वेगळा फिंगरपिक. जाड तारेवर ठोका चालू ठेवून बारीक तारेवर सूर तोडायचा.

हा बदल वाटतो तेवढा सोपा नाही. बारीक तारेचा ताण कमी. मानेचा बाक आणि ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची, उंची तशीच ठेवली तर तार पडद्यांना लागून खरखरते, आणि ब्रिजवरची खोगिरं पुढेमागे केली नाहीत तर बाराव्या पडद्यावरचा सूर बेसूर होतो. जोरात ओढल्यावर तार उतरते ते वेगळंच. आवाजही पातळ पडतो, म्हणून बर्टनसारखे वादक ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबकी यंत्र) वापरून त्या पातळपणालाच धार करून घेतात. बारीक तारांचा तयार संच एर्नी बॉलने ‘स्लिंकी’ नावाने १९६२ मध्ये बाजारात आणला. तोवर ज्याला हा आवाज हवा त्याने बँजोच्या तारा धुंडाळायच्या.

बँडमध्ये पुढे बदल झाले. ड्रम रिची फ्रॉस्टकडे होते. आवाजाच्या साथीला एल्विसबरोबर गाणारे जॉर्डनेअर्स आले. कर्कलंड गेल्यावर जो ऑझबर्न आला. तो उभ्या बासऐवजी फेंडरचा इलेक्ट्रिक जाझ बास पिकने वाजवायचा, सपाट गुंडाळलेल्या तारांवर, त्यामुळे सूर गोल पण कडक उमटे. १९६१ च्या ‘हेलो मेरी लू’मध्ये बर्टन आणि ऑझबर्न दोघेही ऐकू येतात. बर्टनचा तो सोलो गिटार शिकणाऱ्यांच्या पाठात आजही असतो.

‘पुअर लिटल फूल’ लिहिलं शॅरन शीली हिने. गाणं रिकीच्या गळी उतरवायला तिने त्याच्या घरासमोर गाडी बंद पडल्याचं नाटक केलं, असं ती स्वतः सांगायची. यात बर्टनला फारसं काम नाही. संथ, साधं गाणं आहे. बेकर नाइटचं ‘लोन्सम टाउन’ही त्याच वर्षीचं आणि तसंच संथ, गिटार आणि जॉर्डनेअर्सचा गुणगुणाट, एवढ्यावर उभं. अरुंद पट्टीच्या गायकाने काय गावं हे कळणं हीदेखील कानाचीच बाब. माझ्या मते ते त्याचं सर्वोत्तम गायन आहे.

आता विक्रीची यंत्रणा. गाणं आधी स्टुडिओत मुद्रित व्हायचं. मग मालिकेच्या भागाच्या शेवटी, पार्टीत किंवा शाळेच्या नाचात, रिकी बँडसह त्या मुद्रित गाण्यावर ओठ हलवत उभा राहायचा. बुधवारी रात्री भाग, गुरुवारी मुलं रेकॉर्डच्या दुकानात. त्याच काळात फिलाडेल्फियाहून फेबियन, फ्रँकी अ‍ॅव्हलॉन, बॉबी रायडेल असे देखणे गायक निघत होते. त्यांची सारी भिस्त डिक क्लार्कच्या ‘अमेरिकन बँडस्टँड’वर आणि रेडिओ निवेदकांच्या मर्जीवर. गाणं लावण्यासाठी निवेदकांना पैसे चारण्याच्या प्रकरणाची १९५९-६० मध्ये संसदीय चौकशी झाली, अ‍ॅलन फ्रीडसारख्या निवेदकाची कारकीर्द धुळीला मिळाली. नेल्सनला कुणाच्या मर्जीची गरज नव्हती. त्याच्या घरचंच दुकान होतं. १९५७ ते १९६२ या काळात त्याची ३० गाणी टॉप ४० मध्ये गेली.

याची किंमतही होती. दुसऱ्यांच्या टीव्ही कार्यक्रमांत मुलाने गाऊ नये असा ओझीचा कटाक्ष. एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमाच्या मंचावर रिकी पहिल्यांदा उभा राहिला तो १९६७ मध्ये, बापाची मालिका संपल्यावर. गाणं कितीही तडफदार असो, त्याच्या आधी वीस-बावीस मिनिटं घरगुती विनोद असत. प्रेक्षकाच्या मनात रॉक अँड रोलवाला रिकी आणि जेवणाच्या टेबलावरचा रिकी एकच झाला, आणि ते दोघे पुन्हा कधी वेगळे झाले नाहीत.

१९५९ मध्ये हॉवर्ड हॉक्सच्या ‘रिओ ब्राव्हो’त जॉन वेन आणि डीन मार्टिन यांच्यासोबत तो कोलोरॅडो नावाचा पोरसवदा बंदूकबाज झाला. मोजके संवाद आणि शांत चेहरा, हे त्याला शोभलं. तुरुंगाच्या खोलीत मार्टिन आणि तो मिळून गातात तो प्रसंग कथेला थांबवतो खरा, पण कुणाची तक्रार नसते.

१९६१ हे शिखराचं वर्ष. जेरी फुलरने सॅम कुकला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं ‘ट्रॅव्हलिन मॅन’ पहिल्या क्रमांकावर गेलं. मागची बाजू ‘हेलो मेरी लू’, जीन पिटनीची रचना, नवव्या क्रमांकावर. मालिकेत हे गाणं दाखवताना ओझीने रिकीच्या चित्रावर देशोदेशीच्या प्रवासाची दृश्यं चढवली. संगीत व्हिडिओचा प्राथमिक नमुना म्हणून ती फीत हल्ली दाखवली जाते. त्याच वर्षी, ८ मे रोजी, २१ वर्षांचा झाल्यावर त्याने नाव ‘रिक’ केलं. लोक रिकीच म्हणत राहिले.

१९६३ मध्ये दोन मोठे करार झाले. एक लग्नाचा: अमेरिकन फुटबॉलपटू टॉम हार्मन याची मुलगी क्रिस्टिन हिच्याशी. दुसरा डेक्का कंपनीशी: २० वर्षं, १० लाख डॉलर. आकडा भव्य दिसतो. वर्षाकाठी काढला तर ५० हजार. खात्रीचं उत्पन्न, पण त्याच्याबरोबर कंपनीलाही घाई उरत नाही आणि गायकालाही. ‘फॉर यू’ १९६४ च्या सुरुवातीला सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. त्याच फेब्रुवारीत बीटल्स सलिव्हनच्या कार्यक्रमात आले. पुढची काही वर्षं डेक्काने त्याच्याकडून जुन्या चालींची गुळगुळीत गाणी गाऊन घेतली. बर्टनही दुसऱ्या कामांत गुंतला आणि १९६९ मध्ये एल्विसच्या बँडचा म्होरक्या झाला. यादीत नेल्सनचं नाव दिसेनासं झालं. या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते पुढचं. १९६६ मध्ये ‘ब्राइट लाइट्स अँड कंट्री म्युझिक’ आणि १९६७ मध्ये ‘कंट्री फीव्हर’ हे दोन अल्बम त्याने केले, तेव्हा रॉकवाल्याने कंट्रीकडे जाणं फॅशनमध्ये नव्हतं. १९६९ मध्ये स्टोन कॅनियन बँड उभा राहिला: पोको हा बँड सोडून आलेला रँडी माइझनर बासवर, अ‍ॅलन केम्प गिटारवर, पॅट्रिक शॅनहन ड्रमवर, आणि कंट्री गायक बक ओवेन्सच्या बकरूज बँडमधला टॉम ब्रम्ली स्टील गिटारवर. लॉस एंजेलिसच्या ट्रूबदूर क्लबमधला त्यांचा जिवंत कार्यक्रम अल्बम म्हणून निघाला. बॉब डिलनचं ‘शी बिलाँग्स टू मी’ ३३ व्या क्रमांकावर गेलं, म्हणजे फार वर नाही. पण गोड उंच आवाजांची साथ, स्टील गिटार आणि रॉकचा ठेका ही मांडणी पुढच्या दशकात कॅलिफोर्नियाचा शिक्का बनली. माइझनर १९७१ मध्ये ईगल्स या बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला. इथेही कान चुकला नव्हता. फक्त ऐकणारे वेगळ्याच गोष्टीसाठी जमत होते.

ते १५ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उघड दिसलं. रिचर्ड नेडरने भरवलेला जुन्या रॉक अँड रोलचा जलसा. चक बेरी, बो डिडली, बॉबी रायडेल असे सगळे. नेल्सन आला तो खांद्यापर्यंत केस, मखमली शर्ट आणि बेलबॉटम घालून. जुनी गाणी झाली, लोक खूश. मग त्याने रोलिंग स्टोन्सचं ‘हॉन्की टॉन्क विमेन’ कंट्रीच्या अंगाने घेतलं आणि प्रेक्षागृहातून हुर्यो उठली. ती पोलिसांनी मागच्या बाजूला काही जणांना बाहेर काढल्यामुळे होती असंही म्हणतात. नेल्सनने ती स्वतःवर घेतली आणि मंच सोडला.

त्यातून आलेलं ‘गार्डन पार्टी’ त्याने स्वतः लिहिलं. चाल सरळ, राग कुठेच नाही, ब्रम्लीची स्टील गिटार मागे हलकेच तरंगते. योको ओनो, जॉन लेनन, बेरी यांचे उल्लेख आहेत; ह्यूज नावाचा जो पाहुणा येतो तो म्हणजे टोपणनावाने फिरणारा जॉर्ज हॅरिसन. सगळ्यांना खूश करता येत नाही, तेव्हा स्वतःला पटेल तेच करावं, आणि नुसत्या आठवणीच गायच्या असतील तर ट्रक चालवलेला बरा, असा एकूण मतलब. १९७२ मध्ये ते सहाव्या क्रमांकावर गेलं. गंमत अशी की पुढे प्रत्येक कार्यक्रमात लोक हेच गाणं जुनं आवडतं म्हणून मागू लागले.

त्यानंतर मोठं यश नाही. डेक्का एमसीएत विरली, करार संपला. १९७७ मध्ये एपिकसाठी ‘इनटेक्स’, १९८१ मध्ये कॅपिटलसाठी ‘प्लेइंग टू विन’. १९८२ अखेर घटस्फोट झाला. पैशासाठी वर्षातले २०० हून अधिक दिवस दौरे चालत. या शेवटच्या काळात तो पुन्हा उभा बास आणि कडक रॉकाबिलीकडे वळला होता.

दौऱ्यांसाठी १९८५ मध्ये विमान घेतलं: १९४४ साली बांधलेलं डीसी-३, एकेकाळी जेरी ली लुइसकडे असलेलं. ३० डिसेंबरला अलाबामातल्या गंटर्सव्हिल इथे कार्यक्रम झाला. शेवटचं गाणं बडी हॉलीचं ‘रेव्ह ऑन’. दुसऱ्या दिवशी डॅलसला नववर्षाच्या कार्यक्रमासाठी जाताना केबिनमध्ये धूर भरला आणि विमान टेक्ससमधल्या डी काल्बजवळच्या शेतात उतरवावं लागलं. दोन्ही वैमानिक कॉकपिटच्या खिडकीतून निघाले. नेल्सन, त्याची वाग्दत्त वधू, बँडचे चार जण आणि ध्वनितंत्रज्ञ असे सातही प्रवासी आगीत गेले. तो ४५ वर्षांचा होता.

आगीबद्दलची एक अफवा अजून चिकटून आहे: प्रवासी अमली पदार्थ पेटवत होते, त्यातून भडका उडाला. वर्तमानपत्रांनी ती देशभर केली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात तिला आधार मिळाला नाही. संशय शेपटाकडच्या पेट्रोलवर चालणाऱ्या हीटरवर होता. उड्डाणात तो नीट चालत नव्हता, आणि त्याच्याशी काय आणि किती खटपट झाली याबद्दल दोन वैमानिकांचे जबाब जुळले नाहीत. आगीचं मूळ कारण मंडळाला ठरवता आलं नाही. मात्र आग लागल्यावर करायच्या ठरलेल्या गोष्टी वैमानिकांनी केल्या नाहीत असं अहवालात आहे: ऑक्सिजन वापरला नाही, हाताशी असलेलं अग्निशामक वापरलं नाही, ताज्या हवेचे झरोके नियमानुसार हाताळले नाहीत.

१९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं. सन्मानाचं भाषण जॉन फोगर्टीने केलं. जुळे मुलगे मॅथ्यू आणि गनर यांच्या ‘नेल्सन’ या बँडचं गाणं १९९० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि ओझीपासून सलग तीन पिढ्या तिथे पोहोचल्या. साथीदार वादकांसाठी हॉल ऑफ फेमने पुढे वेगळा विभाग काढला, आणि २००१ मध्ये त्यात जेम्स बर्टन गेला. त्याची ओळख करून द्यायला मंचावर आला होता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स.